टाळ्या पडतात त्याच्या आधीचा सीन

धंदा करणाऱ्या माणसाने सिनेमा जरूर पाहावा. फक्त ज्या सीनला टाळ्या पडतात, त्यात धंदा शोधू नये. नायक मालकाच्या टेबलावर राजीनामा आपटतो, दहा वाक्यांचं भाषण करतो, शेवटी मोठी ऑर्डर मिळते आणि गाणं सुरू होतं. बघताना अंगावर काटा येतो, पण गावात दूध संकलन चालवणाऱ्याच्या, आठवडी बाजारात दुकान मांडणाऱ्याच्या किंवा पापड लाटणाऱ्या बचत गटाच्या हाती त्यातून काही लागत नाही. कामाचा सीन बहुतेक वेळा त्याच्या थोडा आधी येऊन गेलेला असतो. त्यात कोणीतरी काहीतरी मोजत असतं, वहीत लिहीत असतं, नाहीतर नमुना करून बघत असतं. दोन मिनिटांचा सीन, आणि त्यात माल असतो.

सुरुवात 'मंथन'पासून. श्याम बेनेगल यांचा १९७६ चा हा सिनेमा गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. त्यातले डॉक्टर राव गावात येतात तेव्हा तिथे मिश्राची खासगी डेअरी चालू असते आणि भाव मिश्राच्या मनावर असतो. राव दुधाचे नमुने घेतात आणि काचेच्या नळीत त्यातलं फॅट किती ते मोजतात. जातीचं राजकारण, संस्थेची निवडणूक, गावातली फूट हे सगळं पुढे येतं, पण भांडणाचं मूळ त्या काचेच्या नळीत आहे. ज्या गावात मालाचं मोजमाप फक्त घेणाऱ्याच्या हातात असतं, तिथे भावही त्याच्याच हातात राहतो.

म्हणून दुधाच्या धंद्यात उतरणाऱ्याने आधी फॅट काढायला शिकावं, गाडी आणि कॅन नंतर घ्यावेत. फॅट मोजायची गर्बर पद्धत अवघड नाही. बुटायरोमीटरच्या, म्हणजे फॅटचा आकडा दाखवणाऱ्या नळीत आधी १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, मग नळीच्या कडेने हळूच १०.७५ मिली दूध, त्यावर १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच घट्ट बसवून, नळी फडक्यात धरून, दुधाची गुठळी विरेपर्यंत उलटसुलट हलवायची. नळी चांगली तापते, उघड्या हाताने धरू नका. मग सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) मिनिटाला साधारण ११०० फेऱ्यांवर चार-पाच मिनिटं, नंतर ६५ अंशांच्या पाण्यात थोडा वेळ, आणि लगेच वाचन. नळ्या समोरासमोर जोडीने लावायच्या. एक उरलीच, तर तिच्यासमोर पाणी भरलेली नळी ठेवायची.

गडबड मात्र नळीपर्यंत पोचायच्या आधीच झालेली असते. कॅन अर्धा तास उभा राहिला की साय वर येते. वरून माप बुडवलं तर फॅट जास्त, तळातून घेतलं तर कमी. प्लंजरने दूध खालीवर ढवळल्याशिवाय नमुना घेतलाच नाही पाहिजे. दूध ॲसिडमध्ये धाडकन ओतलं की ते करपतं आणि फॅटच्या खाली काळे कण दिसतात. ॲसिड जुनं होऊन कमजोर पडलं असेल तर पांढरट गुठळ्या राहतात. दोन्ही वेळा आकडा रद्द समजा आणि नवी नळी लावा. "अंदाजे साडेसहा धरू" म्हणणारा केंद्रचालक महिनाभरात गिऱ्हाईक गमावतो.

आता बहुतेक ठिकाणी मिल्क ॲनालायझर आला आहे. काम झटपट होतं, पण त्याच्या खोड्या वेगळ्या. फेस असलेलं दूध दिलं की हवेचे बुडबुडे आत जातात आणि आकडा चुकतो. गाय-म्हैस यांचं बटण चुकलं तरी तेच. रोज शेवटी कोमट पाण्याने आणि ठरलेल्या क्लिनरने धुतला नाही तर आत दुधाचा थर बसतो. आठवड्यातून एक नमुना गर्बरवर काढून मशीनच्या आकड्याशी ताडून पाहा आणि दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहा. समजा फॅटचा भाव किलोला ८०० रुपये आहे आणि मशीन ०.३ कमी दाखवतं. रोज दहा लिटर घालणाऱ्या बाईचे दिवसाला जवळपास २५ रुपये, महिन्याला साडेसातशेच्या आसपास गेले. तिच्या घरच्या किराण्यात ही रक्कम दिसते, आणि तिला कळलं की ती दुसऱ्या केंद्रावर जाते.

आणखी एक गोष्ट पाटीवर लिहून टाका. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. लिटरने घेऊन किलोने विकलं तर शंभर लिटरमागे तीन किलो वर राहतात. हे तीन किलो कोणाचे, हे पहिल्याच दिवशी ठरलं पाहिजे. तुम्ही सांगितलं नाही, तरी कोणाच्या तरी शिकणाऱ्या पोराला हा हिशोब करता येतोच.

हीच नळी धान्याच्या धंद्यात ओलावा मापक होते. छोटी तेलघाणी किंवा खरेदी करणाऱ्याने सोयाबीन १५ टक्के ओलाव्याने घेतलं आणि ते वाळून १२ टक्क्यांवर आलं, तर क्विंटलचे ९६.६ किलो उरतात. जवळपास साडेतीन किलो पाणी तुम्ही सोयाबीनच्या भावाने विकत घेतलं. पाऊस लांबलेल्या ऑक्टोबरात तर हा फरक आणखी वाढतो. मापक शेतकऱ्याच्या समोर ठेवा, आकडा त्याला वाचू द्या, मग भाव बोला. कापसात सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव धरते आणि १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेते. हे गावोगाव माहीत झालं आहे, त्यामुळे मोजून बोलणाऱ्या व्यापाऱ्याशी लोक हुज्जत घालत नाहीत.

'पॅडमॅन' (२०१८) बहुतेकांना नायकाच्या भाषणासाठी आठवतो. आर. बाल्कींचा हा सिनेमा कोइंबतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांच्या कामावर बेतलेला आहे, सिनेमातलं गाव मात्र मध्य प्रदेशातलं. त्यातला खरा धडा कच्च्या मालाचा आहे. नायक कापूस भरून पॅड बनवतो आणि ते टिकत नाही. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) मुलखात राहणाऱ्या आपल्याला तर कापूसच बरोबर वाटला असता. बऱ्याच धडपडीनंतर त्याला कळतं की कंपनीच्या पॅडमध्ये लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज असतं, जे ओल शोषतं आणि दाब पडला तरी धरून ठेवतं. शिलाई सुधारून, आकार बदलून काही झालं नसतं, कारण दोष आत भरलेल्या वस्तूत होता.

आपल्याकडे याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे संत्र्याचा रस. विदर्भातल्या काटोल, वरुड, मोर्शी भागात स्क्वॅश (पाणी घालून प्यायचं घट्ट सरबत) करून पाहणारे खूप. पहिल्या दिवशी चव उत्तम, दुसऱ्या दिवशी कडू. मग साखर वाढवतात, इसेन्स घालतात, बाटली बदलतात. कडूपणा येतो लिमोनिनमुळे. ते तयार व्हायला लागणारा पदार्थ संत्र्याच्या बियांत आणि फोडीच्या पांढऱ्या पापुद्र्यात असतो. ताज्या फळात तो कडू लागत नाही. बी चिरडली गेली, पापुद्रा रसात रगडला गेला की आंबट रसात काही तासांत त्याचं लिमोनिन होतं, आणि रस तापवला तर आणखी लवकर. त्यामुळे साखरेने हे झाकलं जात नाही. फळ हाताने सोला, पांढरे धागे काढा, फोडी बियांसकट मिक्सरमध्ये घालू नका. स्क्रूचं रसयंत्र असेल तर दाब कमी ठेवा, रस थोडा कमी निघाला तरी चालेल. निघाल्याबरोबर गाळा. प्रत्येक नव्या लॉटचा एक कप रस तापवून झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चाखा. तो कप कडू निघाला तर अख्खा लॉट त्याच पद्धतीने काढू नका.

पुढचं प्रमाण सरळ आहे. रस १ लिटर, साखर पावणेदोन किलो, पाणी १ लिटर, सायट्रिक ॲसिड ३० ग्रॅम. साखर, पाणी आणि ॲसिडचा पाक करून गाळायचा आणि पूर्ण थंड करायचा, मगच रस मिसळायचा. स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के रस आणि ४० ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं माप) लागतात, या प्रमाणात दोन्ही बसतात. टिकण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट किलोला ०.६ ग्रॅमच्या आत, म्हणजे या सगळ्या मालाला सव्वादोन ग्रॅम. थोड्या पाण्यात विरघळवून शेवटी घाला. गरम पाकात घातलं तर त्याचा वायू उडून जातो आणि पंधरा दिवसांत बाटली फसफसते. चमच्याने मोजणं इथे चालत नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, कारण यातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइड वायूची मर्यादा ३५० पीपीएम (दहा लाखात ३५० भाग) आहे आणि अर्धा ग्रॅम जास्त पडला तरी ती ओलांडली जाते. जांभळासाठी मात्र हे वापरू नका, रंग उडतो. तिथे सोडियम बेंझोएट.

ज्यांना यासाठी कर्ज काढायचं आहे त्यांनी परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) पाहावा. दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा सिनेमा ही काय चीज आहे हे पैसा लावणाऱ्यांना माहीत नव्हतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची थोडी थोडी चित्रं घेत गेले. पडद्यावर दाणा फुटून वेल वर चढताना दिसला आणि समोरच्याला विषय समजला. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, त्याआधीची ही पायरी. आपली ताकद दाखवायला त्यांनी छोट्यात छोटी, पण पूर्ण झालेली वस्तू समोर ठेवली.

बँकेच्या साहेबाच्या मनातही प्रश्न तोच असतो: हा माल टिकेल का आणि विकेल का? दर पंधरा दिवसांनी एकेक लहान लॉट करा आणि प्रत्येकातली बाटली तारखेची चिठ्ठी लावून बाजूला ठेवा. दोन महिन्यांनी ताजी, पंधरा दिवसांची, महिन्याची आणि दोन महिन्यांची अशा चार बाटल्या टेबलावर ओळीने मांडता येतात. सोबत एका लॉटचा खरा खर्च: फळ, साखर, बाटली, झाकण, लेबल, गॅस, मजुरी, फुटलेल्या बाटल्या. मशीनचं कोटेशन, आणि तीन दुकानदारांकडून "इतक्या बाटल्या, या भावाने, महिन्याला" असं त्यांच्या सहीने लिहून आणलेलं. प्रोजेक्ट रिपोर्ट सगळ्यांचे सारखेच असतात, एकाच झेरॉक्सवाल्याकडे बनलेले. या बाटल्या मात्र तुमच्याच असतात.

सबसिडीबद्दल गावात फार गैरसमज आहेत, म्हणून थोडं सविस्तर. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) ही योजना नव्या युनिटसाठी आहे, चालू धंद्याच्या नावाने पहिला अर्ज करू नका. सबसिडी ग्रामीण भागात खुल्या गटाला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के, महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे विशेष गटाला ३५ टक्के. स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. दहा लाखांच्या प्रकल्पात खुल्या गटातल्या माणसाने एक लाख टाकायचे, नऊ लाख बँक देते. अडीच लाखांची सबसिडी तुमच्या हातात येत नाही. ती बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहते. तेवढ्या रकमेवर ठेवीचं व्याज मिळत नाही आणि कर्जाचं व्याजही लागत नाही. युनिट चालू दिसलं तर नंतर कर्जात वळती होते. या भरवशावर ट्रॅक्टरचा हप्ता किंवा घराचा स्लॅब काढणारे अडकतात. अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात चालू नियम विचारून घ्या.

जागेच्या आखणीसाठी 'द फाउंडर' (२०१६) या इंग्रजी सिनेमातला टेनिस कोर्टाचा सीन बघा. मॅकडोनाल्ड बंधू आपलं स्वयंपाकघर खडूने जमिनीवर आखतात, पोरांना खोटं खोटं काम करायला लावतात, कोण कोणाला धडकतं ते बघतात, पुसतात आणि पुन्हा आखतात. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल घेणाऱ्याने शेड बांधण्याआधी नेमकं हेच करावं. अंगणात चुन्याची फक्की टाकून खऱ्या मापाने मशीन, चाळणी, पोत्यांची थप्पी, वाळवणाची जागा आणि दार आखा. मग दोन माणसांनी पन्नास किलोचं पोतं उचलून फिरून बघायचं. तूर एकदाच मशीनमधून जात नाही. साफ होते, रोलरवर टोचली जाते, तेल-पाणी लावून मुरते, उन्हात वाळते, पुन्हा रोलरवर येते, मग फुटते आणि चाळली जाते. म्हणजे वाळवण आणि रोलर यांच्यात पोती सारखी ये-जा करणार. हे अंतर वीस पावलं वाढलं तर अख्खा सीझन मजूर ती वीस पावलं चालतो. टरफल जिथे उडेल तिथून वाळवणाकडे दुपारचा वारा वाहत असेल तर चांगल्या डाळीत भुसा येतो. मोटर आणि स्विच बोर्ड टरफलाच्या ढिगापासून लांब ठेवा, त्या धुळीला आग लवकर लागते. चुनी (डाळीचा उरलेला चुरा) न्यायला येणाऱ्या गोपालकाची बैलबंडी कुठे लागेल तेही फक्कीनेच ठरवा. भिंत उठल्यावर दार सरकवता येत नाही.

'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) हा मोकाशींचाच आणखी एक सिनेमा. पंढरपूरची पोरं कार्तिकीच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान लावतात, सायकल वाचवायला. अमरावती जिल्ह्यातल्या बहिरमच्या यात्रेत किंवा गडचिरोलीतल्या मार्कंड्याला महाशिवरात्रीला दुकान लावणाऱ्याने तो पाहावा आणि मालाच्या मापाचा विचार करावा. बांगडीचं माप इंचाच्या सोळाव्या भागात चालतं, दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच. दोन-चार आणि दोन-सहा ही मापं सगळ्यात जास्त खपतात. लहान पोरींची मापं वेगळी ठेवावी लागतात, आणि दोन-दहा थोड्याच घ्याव्या. सगळी मापं सारखी भरली की यात्रा संपताना नेमकी न चालणारी उरतात, आणि पुढच्या वर्षी तो रंग कोणी घेत नाही. बहिरमची यात्रा डिसेंबरच्या शेवटी सुरू होऊन महिनाभराहून जास्त चालते. तिथे आठवड्याचा माल न्या, काय खपलं ते लिहा आणि तेवढंच पुन्हा भरा. मार्कंड्याची गर्दी थोड्या दिवसांची, तिथे पुन्हा भरायला वेळ मिळत नाही. म्हणून होलसेलवाल्याशी उरलेला माल परत घेण्याचं आधीच बोला. फुटीचे डझन तो घेणार नाही, तो खर्च भावात धरा.

'रॉकेट सिंग' (२००९) मधला हरप्रीत नोकरीत असतानाच कंपनीच्या जागेत स्वतःचा धंदा चालवतो. ते काही अनुकरणीय नाही. पण कंपनीचं जे जे वापरलं त्याची नोंद तो परत करायच्या हिशोबाने ठेवतो, ही सवय घेण्यासारखी आहे. किराणा दुकानातून घरी गेलेला तेलाचा पिंप, गल्ल्यातून पोराच्या फीचे काढलेले पैसे, हे 'घर उचल' नावाच्या खात्यात त्याच दिवशी लिहा. न लिहिणाऱ्याला दुकान तोट्यात आहे की घर जास्त खातं, हे कधीच कळत नाही. त्याच सिनेमात गिऱ्हाईक मिळतं ते विक्रीनंतरच्या सेवेमुळे. मोटरपंप दुरुस्त करणाऱ्याने एवढीच एक चिठ्ठी सुरू करावी: शेतकऱ्याचं नाव, किती एचपी, तक्रार काय, उघडल्यावर काय निघालं, काय बदललं, पैसे, द्यायची तारीख. जुना बेअरिंग किंवा जळालेली वायर पिशवीत घालून सोबत परत द्या. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत पंप दोन दिवस अडकला तर वावर सुकतं, म्हणून तारीख पाळता येणार नसेल तर आदल्या दिवशीच फोन करा.

राहिली भागीदारी. 'बँड बाजा बारात' (२०१०) मधले श्रुती आणि बिट्टू लग्नं लावून देण्याचा धंदा मिळून उभा करतात, भांडून वेगळे होतात आणि दोघंही कर्जात जातात. गावात लग्नाचं सामान भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्राचं रोज हेच होतं. दोन मित्र, एकाचे पैसे, दुसऱ्याची मेहनत, कागद काहीच नाही. १९३२ चा भागीदारी कायदा सांगतो की करारात वेगळं लिहिलं नसेल तर नफा सारखा वाटायचा. ज्याने चार लाख घातले त्यालाही अर्धा आणि ज्याने चाळीस हजार घातले त्यालाही अर्धा. फर्मची नोंदणी नसेल तर पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर फर्मच्या नावाने दावा लावता येत नाही.

करारात भांडवल आणि नफ्याचं प्रमाण सगळेच लिहितात. सुटतं ते पुढचं. दर महिन्याला कोण किती उचल घेणार आणि ती नफ्यात धरायची की पगारात. बँक खात्यावर दोन सह्या. वस्तूंची यादी, प्रत्येक ओळीसमोर कोणाच्या पैशाची ते: ताटं किती, खुर्च्या किती, गंज (मोठी पातेली) किती, पडदे, जनरेटर. वेगळं व्हायचं ठरलं तर या वस्तूंची किंमत खरेदीच्या बिलावर धरायची की बाजारभावाने, आणि वर्षाला किती टक्के घसारा. गावोगावची उधारी कोण वसूल करणार. बोर्डावरचं नाव आणि तो मोबाइल नंबर कोणाकडे राहणार, कारण पाहुणे नंबर पाठ करून ठेवतात आणि पुढची दहा वर्षं त्याच नंबरवर फोन येतात. सगळ्यात महत्त्वाचं कलम इसाराचं: तुळशीच्या लग्नानंतर पुढच्या उन्हाळ्याच्या तारखांचे इसार घेतलेले असतात, मध्येच फाटलं तर ती लग्नं कोण करणार आणि घेतलेला इसार कोणाच्या खात्यात जाणार. प्रत्येक इसाराची पावती दोन प्रतींत फाडा, एक प्रत दुसऱ्या भागीदाराकडे त्याच दिवशी गेली पाहिजे.